मूळचा आकाशी

जालन्यात गांधी चमनच्या वळणावर पुढच्या एसटीच्या खिडकीतून एक पिचकारी आली आणि जगन्नाथच्या व्हॅनच्या दारावर, काचेच्या जरा खाली, फुटली. निम्मी दारावर आणि उरलेली त्याच्या बाहेर काढलेल्या कोपरावर. कोमट होती. हे कोमट असणंच त्याला जास्त लागलं. थंड असती तर रस्त्यावरच्या इतर घाणीसारखी घाण म्हणून धुऊन टाकता आली असती; कोमट म्हणजे आत्ता आत्तापर्यंत ती कुणाच्या तरी तोंडात होती, जिभेखाली घोळत होती, आणि त्या तोंडातून निघून तिनं सरळ त्याचं कोपर गाठलं होतं. मधे ना हवा, ना फडकं. बस धूर सोडून निघून गेली. खिडकीत कोण होतं ते दिसलंही नाही. जगन्नाथनं तो हात शरीरापासून लांब धरला, जणू कुणी तो सांभाळायला दिलाय आणि मालक आला की परत करायचाय, आणि एका हातानं गाडी हाकत घरी आला. येताना त्याला आपलंच कोपर नकोसं झालं होतं.

जगन्नाथची किळस गावात माहीत होती. बियाण्याच्या कारखान्यात त्याच्या टेबलाच्या खणात स्वतःचा कप, स्वतःचा पेला आणि तो पुसायचा स्वतःचा रुमाल असे. पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडालेला दिसला की हा पाण्याचं निमित्त करून उठे. पण माणूस सोयीचा असतो, आणि किळसही सोयीनं ठेवलेली असते. कारखान्याच्या फाटकावरची भजी तो रोज खाई, कारण ती डोळ्यांदेखत उकळत्या तेलातून निघतात असं त्यानं स्वतःला पटवलं होतं. ज्या हातानं पीठ कालवलं जाई त्याकडे बघायचं नाही एवढंच पथ्य. सत्तावन्न वर्षं त्यानं अशीच काढली होती. न बघण्याच्या जागा नेमक्या ठाऊक असलेला हुशार माणूस.

घरी उमा लाडू वळत होती. आज परतूरला जायचं होतं. मधुवंतीला, त्यांच्या एकुलत्या लेकीला, पहिल्या बाळंतपणाला आणायचं होतं आणि ते आजच आणायचं होतं, कारण उद्यापासून तिला आठवा लागत होता आणि आठव्यात सून दुधना नदी ओलांडून जायची नाही असं तिच्या सासूनं, नंदाबाईंनी, फोनवर बजावलं होतं. भाड्याची गाडी केली असती तर सगळं सोपं होतं. पण मधुवंतीनं स्वतःच्या पसंतीनं शेतकऱ्याच्या घरात लग्न केलेलं, आणि पसंतीच्या लग्नात मुलीच्या आईला सगळं दुप्पट तोलून मापून करावं लागतं. उमानं विहिणीला ठासून सांगितलं होतं की भाड्याची नाही, घरची गाडी येईल. घरची गाडी म्हणजे ही व्हॅन. चंदेरी, बाजूला सरकणाऱ्या दारांची, उमाच्या बहिणीच्या नवऱ्यानं, बद्रीनाथनं, मध्यस्थी करून गेल्या दिवाळीत मिळवून दिलेली. बद्रीनाथ जुन्या गाड्यांत वावरणारा माणूस. कंपनी पेंट आहे, साडूभाऊ, कुणी हात लावलेला न्हाई, असं तो बोनेटवर थाप मारून म्हणाला होता, आणि जगन्नाथला त्या थापेचा आवाजही कंपनीचाच वाटला होता.

त्यानं आधी कोपर साबणानं धुतलं, मग डेटॉलनं, मग परत साबणानं. मग फाटक रंगवताना उरलेल्या थिनरची बाटली काढली आणि फडक्यानं दार पुसायला घेतलं. फडकं लाल झालं. जोर करून पुसलं तर ते चंदेरी झालं. त्याला आधी धूळ वाटली. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांची धूळ सगळ्या वस्तूंवर बसते, चंदेरी दिसणं अशक्य नाही. पण चंदेरी थांबेना. बोटाएवढ्या जागेतून पांढरं वर आलं आणि पांढऱ्याच्या कडेला भगवं. तो थबकला. भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग थिनरला दाद देत नाही. थिनरनं जो निघतो तो रस्त्याकडेच्या शेडमधे फवाऱ्यानं मारलेला. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याची सगळी नोकरीच या एका गोष्टीवर चालली होती. कारखान्यात बी यंत्रात फिरायचं, त्याच्यावर गुलाबी औषधी रंग चढायचा, आणि एकदा रंग चढला की यंदाचं बी आणि गोदामात पडून राहिलेलं बी एकसारखं सुंदर दिसायचं. शेतकरी ते गुलाबी ओंजळीत घेऊन खूश व्हायचे. जगन्नाथ मात्र त्यातलं मूठभर ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचा आणि कोंब फुटतो का बघायचा. रंगावर जाऊ नये, आत काय आहे ते बघावं, असं तो नव्या पोरांना सांगत असे. आणि स्वतः गाडी घेताना रंगावर गेला होता.

भगव्यात हिरवं अक्षर होतं. आधी त्राचा शेवटचा काना दिसला, मग त्रा, मग त्याच्या डावीकडं या. यात्रा. म्हणजे यात्रा कंपनीची गाडी असेल, शिर्डी-शेगाव करणारी, माणसं कोंबून नेणारी, खिडकीतून ओकणारी. वाईट, पण चालण्यासारखं वाईट. त्यानं आणखी डावीकडं पुसलं. म आला. मच्या डावीकडं एक ति येऊन लागला आणि त्याच्या आधीचं अनुस्वाराचं अक्षर अजून चंदेरीखाली होतं, तरी जगन्नाथनं फडकं खाली टाकलं. पहिलं अक्षर वाचायची गरज नव्हती. ते बालवाडीतल्या मुलानंही सांगितलं असतं.

तो ओट्यावर बसला. फडक्याचा वास नाकात होता, गोड, डोकं धरणारा. या गाडीतून आपण गेल्या दिवाळीपासून काय काय नेलं ते त्याच्या मनात आपोआप मांडलं जाऊ लागलं: गव्हाचं पोतं; गणपती; उमाच्या भिशीतल्या बायका, हसत, एकमेकींच्या मांडीवर; दही. दही त्याला विशेष आठवलं, मागच्या सीटखाली ठेवलेला स्टीलचा डबा आणि घरी आल्यावर त्यानंच झाकण उघडून बोटानं चाटलेली साय. आणि दसऱ्याला याच गाडीला झेंडूचा हार. तिला सवयच असणार झेंडूची. रोज एक हार, कधी दोन. त्यानं स्वतःच्या हातानं बोनेटवर हळदीकुंकू लावलं होतं आणि मागं उभं राहून फोटो काढला होता.

बद्रीनाथला फोन लावला. बद्रीनाथनं आधी ऐकू येत नसल्याचं सोंग केलं, मग रेंज गेल्याचं, आणि शेवटी रंगाला काय बघता साडूभाऊ, इंजिन बघा, इंजिन असं म्हणून तब्येतीची चौकशी केली. तो नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही. यावरून जगन्नाथला जे कळायचं ते कळलं.

पण आता त्याच्या मनानं एक वेगळीच खोड काढली. वरचा चंदेरी खोटा, खालचा पांढरा-भगवा त्या कामाचा; पण त्याच्याही खाली काय? गाडी कंपनीतून निघाली तेव्हा पांढरी असेल तर ती जन्मापासून याच कामाला काढलेली. दुसऱ्या कुठल्या रंगाची असेल तर आधी कुणाच्या तरी घरची होती, कुणीतरी हौसेनं रंग निवडला होता, पोरं शाळेत सोडली होती. मग मधलं सगळं नंतरचं, वरवरचं, आणि मूळ स्वच्छ. हा युक्तिवाद लंगडा आहे हे त्याला कळत होतं. पण उगवणीची चाचणी घेतल्याशिवाय पोतं नापास करायचं नाही ही तीस वर्षांची सवय, आणि दोन तासांनी पोटुशी लेक त्या गाडीत बसायची होती. त्याला काहीतरी शाबीत करून हवं होतं.

गाडीच्या नोंदणीच्या कार्डावर रंगाच्या रकान्यात नुसती एक रेघ होती. रंगाचा नंबर असलेली कंपनीची पत्र्याची पट्टी असते ती शोधली. तिच्यावरूनही कुणी फवारा मारून गेलं होतं. दाराचं रबर उपसून बघितलं. खाली पांढरं. पेट्रोलच्या झाकणाच्या आत नखानं खरवडलं. चंदेरी, मग पांढरं, आणि नखात अडकलेला चुरा, जो आता जेवणाच्या हाताच्या नखात गेला होता. जिथं माणसाचा हात सहज पोचतो तिथं रंगाऱ्याचाही पोचला होता. मग त्यानं मागचं दार उघडलं, सीट पुढं पाडली आणि तळाचं रबरी अंथरूण एका कोपऱ्याला धरून ओढलं.

वास आला. गंजाचा, ओलीचा, आणि त्यात कुजून वाळलेल्या फुलांचा. झेंडूच्या पाकळ्या पत्र्याला चिकटून तपकिरी झाल्या होत्या, आणि पत्र्याच्या खाचांमधे गुलाल होता, दमट, गुलाबी, बियाण्यावरच्या रंगाशी इतका मिळताजुळता की क्षणभर त्याला वाटलं, हा आपल्याच अंगावरून सांडलाय. पत्र्यात चार भोकं होती. स्ट्रेचरची पट्टी कधीकाळी तिथं बसवलेली असावी. त्या भोकांभोवती काहीतरी ओघळून वाळलं होतं. ते काय असेल याचा विचार त्यानं सुरू होण्याआधीच थांबवला, आणि नेमका तिथंच तो थांबेना. आई आठवली.

केशरबाई, त्याची आई, चार वर्षांपूर्वी गेली. शेवटचे महिने अंथरुणात. पाठीला जखमा झाल्या होत्या आणि त्या खोलीला एक वास होता, जो अगरबत्तीनं आणखीच ठळक व्हायचा. जगन्नाथ रोज कामावरून आला की दारात उभा राहून विचारी, बरं वाटतंय का, आणि आई बरं वाटतंय म्हणे, कारण तिलाही त्याची जात माहीत होती. उमा तिला पालथी करी, पुसून काढी, पावडर लावी. गेली त्या दिवशी दवाखान्यातून घरी आणायला असलीच एक व्हॅन आली होती. आईचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. नाकातला कापूस एका बाजूनं ओला होत होता. जगन्नाथ तोंडावर रुमाल धरून पुढं, ड्रायव्हरशेजारी, जाऊन बसला. मागं वळून बघायचं नाही एवढं ठरवलं की मग बोलायला विषय लागतो, म्हणून त्यानं ड्रायव्हरला विचारलं होतं, ॲव्हरेज काय देते? चांगली देती साहेब, ड्रायव्हर म्हणाला होता, पण आपली चालच हळू पडती ना.

हे त्यानं आजवर कधी आठवलं नव्हतं. आता ते तसंच्या तसं समोर आलं, आणि त्याला स्वतःच्या तोंडाची किळस आली. त्या पिचकारी टाकणाऱ्याच्या तोंडापेक्षा जास्त. त्यानं घाईनं पेचकस घेतला आणि मागचा दिवा खोलायला लागला, कारण हाताला काम हवं होतं. दिवा निघाला. दिव्यामागं, वायरींच्या खोबणीत, जिथं ना फवारा पोचला होता ना ऊन, तळहाताएवढा पत्रा होता. आकाशी. लख्ख, ओला वाटावा असा. त्यानं फडक्याचं कोरं टोक थिनरमधे बुडवून घासून बघितलं. टोक पांढरंच राहिलं. कंपनीचा रंग.

उमा चहा घेऊन मागं आली होती.

"काय शोधून राह्यलात मघापासून?"

"कंपनीचा रंग," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चढा लागला, परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा. "आकाशी आहे. म्हणजे मुळात घरगुती गाडी होती ही, उमा. कुणाच्या तरी घरची."

उमानं त्या खोबणीत डोकावून बघितलं. मग दारावरची अक्षरं बघितली, मग उचललेलं अंथरूण.

"असंल," ती म्हणाली. "आईंना आणलं तेव्हा तर पांढरी होती."

त्यानं पेचकस खाली ठेवला.

"पहिल्या दिवशीच ओळखली मी. ही भोकं आहेत ना, त्यातल्या पट्टीला धरून बसले होते सगळा रस्ता. वळणावर आईंचं डोकं हलायचं, म्हणून दुसऱ्या हातानं धरलं होतं." तिनं हे लाडवाच्या पाकाबद्दल सांगावं तसं सांगितलं. "तुम्ही पुढं होतात. तुम्हाला कसं कळणार?"

"बोलली नाहीस."

"काय बोलू? तुम्ही गाडी घेऊन किती खुशीत आल्तात. आणि बोलले असते तर तुम्ही ही विकली असती अन् दुसरी घेतली नसती. मला भाजीला पुन्हा पायीच." ती अंथरूण नीट पसरायला लागली. "चहा घ्या. मला तर उलट बरं वाटलं. ओळखीची निघाली म्हणून."

ओळखीची. जगन्नाथ चहाकडं बघत राहिला. त्यावर साय धरत होती. इतके महिने ही बाई त्याच जागेवर बसून भाजीच्या पिशव्या मांडीवर घेत होती, गाणं गुणगुणत होती, आणि तो आरशातून तिच्याकडं बघून समजत होता की आपल्याला जेवढं माहीत आहे तेवढंच हिलाही माहीत आहे. त्याला तिचीही किळस आली. तिच्या त्या हातांची, ज्यांना सगळं चालतं, जे आईच्या पाठीवरून निघून पिठात जात होते आणि पिठातून त्याच्या ताटात. चार वर्षं तो त्या हातचं खात होता आणि न बघण्याच्या त्याच्या जागांमधे ही जागा सगळ्यात मोठी होती. आकाशी रंगाचा तो तुकडा दिव्यामागं तसाच चमकत होता. मूळ शाबीत झालं होतं आणि त्याचं काहीही करता येत नव्हतं.

जायचं तर होतंच. दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता, आणि विहिणीला काय कारण सांगणार? दारावरच्या अक्षरांवर त्यानं कारखान्याचं एक मोठं स्टिकर डकवलं: कापसाचं टपोरं बोंड आणि खाली, उगवण खात्रीशीर. उमा ते बघून तोंडाला पदर लावून हसली. वाटूर फाट्यापर्यंत ती अधूनमधून हसतच होती, आणि तो खिडकीची काच लावून, घामानं भिजत, गाडी हाकत होता.

परतूरला नंदाबाई वाटच बघत होत्या. ओटी झाली, दहीभात झाला, पोतंभर ज्वारी आणि मोसंब्यांची टोपली गाडीत चढली. नंदाबाईंनी घरची गाडी म्हणून चाकावर पाणी घातलं आणि समोर कुंकू लावलं. जगन्नाथ दुसरीकडं बघत होता. कल्याण, जावई, धान्याच्या मोंढ्यातून नुकताच आलेला, स्टिकरसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मामा, कंपनीनं गाडी दिली का काय? उगवण खात्रीशीर. बराबर टायमाला लावलंय."

सगळे हसले. मधुवंतीही हसली, पोट धरून. तिचे पाय सुजले होते, चेहऱ्यावर वांग आले होते, आणि जगन्नाथला ते बघवेना. आपलीच लेक, आणि तिच्या शरीरात चाललेलं ते सगळं ओलं, गरम, भरत जाणारं काम. त्याला या विचाराचीच शिसारी आली आणि शिसारीची लाज.

मग बसायची वेळ आली. कल्याणला जालन्यात काम होतं, तो म्हणाला, मी चालवतो, गाडीची चाल कशी आहे बघू. जगन्नाथ सवयीनं त्याच्या शेजारच्या दाराकडं वळला. पण नंदाबाईही निघाल्या होत्या, डोळे तपासायला, आणि त्यांनी ते दार आधीच धरलं होतं.

"म्या पुढं बसते, व्याही. मागं बसलं की मला मळमळून राह्यतं. तुम्ही बसा लेकीजवळ."

विहिणीला पुढून कोण उठवणार? तो मागं चढला. मधुवंती सीटवर मावेना, म्हणून कल्याणनं सीट पाडली, नंदाबाईंनी गोधडी अंथरली आणि ती तळावर आडवी झाली, डोकं उमाच्या मांडीवर. "आई, किती ऐसपैस आहे गं," ती म्हणाली. "पाय लांब करता येतात." उमा तिच्या केसांवरून हात फिरवत बाहेर बघत होती. जगन्नाथ गुडघे जवळ घेऊन लेकीच्या कुशीशी बसला. अंथरुणाखालचा वास त्याला येत होता. इतर कुणालाच येत नव्हता. गोधडीखाली ती भोकं नेमकी कुठं असतील हे त्याला न बघता सांगता आलं असतं: एक तिच्या खांद्याखाली, एक कमरेच्या जरा वर. इथं आई होती. इथं आणखी कितीतरी जणांच्या आया होत्या. त्यानं खिसा चाचपला, रुमाल होता. तो नाकाला लावावा तर मधुवंती समोरून बघत होती.

वाटूरच्या अलीकडं रस्ता खणून ठेवलेला. कल्याणनं ब्रेक मारला, गाडी डावीउजवीकडं हेलकावली, आणि मधुवंतीचा चेहरा एकदम पांढरा पडला. ती कोपरावर उठली. तिनं ओठ मिटले आणि बापाकडं बघितलं. जगन्नाथनं खिडकीची काच सरकवायला हात घातला. काच हलेना, तिच्या खाचेत चंदेरी रंग ओघळून बसला होता. तो परत वळला. लेकीच्या पाठीला आधार देण्यात उमाचे हात अडकले होते. रुमाल खिशात होता, आणि खिशाकडं जायला वेळ नव्हता.

दहीभात आला. तो सगळा जगन्नाथच्या ओंजळीत आला.

गरम होता. आंबूस वास थेट डोळ्यांत चढला. त्यानं दात दाबले. बोटांच्या फटींतून पातळ काहीतरी मनगटाकडं निघालं, तशी त्यानं बोटं घट्ट केली. पुढं कल्याण विचारत होता, थांबू का, थांबू का, आणि नंदाबाई सांगत होत्या की इथं उतरायला जागा न्हाई, फाट्यावर थांब. गाडी खड्ड्यांतून हळू हळू चालली. ओंजळ सांडू नये म्हणून जगन्नाथ प्रत्येक धक्क्याला कोपरं वर घेत होता. खाली लेकीचं पोट होतं, त्यावर गोधडीचा काठ होता.

मधुवंती परत उमाच्या मांडीवर टेकली. डोळ्यांत पाणी आलं होतं. उमानं पदरानं तिचं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या हातांकडं, मग त्याच्या चेहऱ्याकडं. ती या वेळी हसली नाही.

"बाबा," मधुवंती म्हणाली, "किळस आली असंल ना तुम्हाला?"

"आली," जगन्नाथ म्हणाला. "खूप आली. तू पडून राहा."

आणि फाटा येईपर्यंत त्यानं ती ओंजळ तशीच धरून ठेवली.